गाण्यापायी गाळलेली ओळ



मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. तीस वर्षे गावोगाव सभा घेत आलो. माझ्या सभेला आलेल्यांना माझी एक खोड ठाऊक आहे. औषधाचे नाव सांगण्याआधी मी त्याचा धोका सांगतो, आणि मात्रा सांगायची ती दोनदा सांगतो. एखादा तरुण कंटाळून म्हणतो, "साहेब, एकदा सांगितलं की कळतं आम्हाला." मी हसतो आणि पुन्हा सांगतो.

ही खोड मला कुठल्या प्रशिक्षणात लागली नाही. ती लागली विद्यार्थिदशेत, रेडिओवर गाणी लावण्याच्या नादात. ती हकिगत मी आजवर सभेत कधी सांगितली नाही. आज सांगतो, कारण फवारणीचे दिवस आहेत आणि तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी पंप एकच आहे.

देवळीतला रेडिओ

माझा जन्म १९७० चा. आमच्या घरी वडिलांनी ट्रान्झिस्टर घेतला तेव्हा मी शाळेत जात होतो. त्या काळी रेडिओला टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. आईने त्याला भरतकामाचे झाकण शिवले आणि तो देवळीत, देवाच्या फोटोशेजारी बसला. सेल उतरले की आम्ही ते उन्हात ठेवायचो. दोन दिवस जरा बरे चालत, मग पुन्हा घसा बसे.

सकाळी रेडिओ लावला की आधी ती ओळखीची सूर-धून वाजे. तंबोऱ्यावर व्हायोलिनचे सूर. ती कोणी बांधली हे मला फार पुढे कळले. वॉल्टर कॉफमन नावाचे संगीतकार होते. हिटलरच्या काळात युरोप सोडून ते मुंबईला आले आणि आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. ती धून १९३६ च्या सुमारास त्यांनी केली. परमुलखातून आलेल्या माणसाने बांधलेल्या सुरावर आपल्या गोठ्यात धारा काढल्या गेल्या, याचे मला अजून नवल वाटते.

संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की वडील एक बोट वर करीत. म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचे. बाजारभाव संपेपर्यंत ते बोट खाली येत नसे.

माईकपुढे

१९८८ साली मी कृषी महाविद्यालयात गेलो. वसतिगृहात रात्री गाणी म्हणण्यात आणि नकला करण्यात माझा पुढाकार असे. आमच्या भागातील आकाशवाणी केंद्रावर 'युववाणी'साठी निवेदक हवे होते. हा कार्यक्रम तरुणांनी तरुणांसाठी करायचा. दिल्लीला त्याची सुरुवात २१ जुलै १९६९ रोजी झाली आणि पुढे तो ठिकठिकाणच्या केंद्रांवर आला. मित्राने माझ्या नावाने अर्ज टाकला, आवाजाची चाचणी झाली आणि मी निवडला गेलो.

बंधूंनो, आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती शांतता. भिंतींना भोके पाडलेले तक्ते, जाड दार, काचेपलीकडे तंत्रज्ञ. लाल दिवा लागला की आपला खोकलासुद्धा जिल्ह्याला ऐकू जातो. घड्याळाचा सेकंदकाटा एवढा जोरात पळतो हे मी तिथे प्रथम पाहिले.

गाणी तबकड्यांवर असत. गाणे लावणे म्हणजे नुसती सुई टेकवणे नव्हे. कानाला हेडफोन लावून गाण्याचा पहिला सूर शोधायचा, तबकडी तिथेच थोपवायची आणि हाताने अर्धा फेरा उलटी फिरवून ठेवायची. आपले शेवटचे वाक्य संपते न संपते तोच ती सोडायची, म्हणजे मध्ये पोकळी राहत नाही. रेडिओवर चार सेकंदांची शांतता फार लांब वाटते. ऐकणाऱ्याला वाटते सेल गेले. मला ही हातोटी लवकर साधली. शब्द संपला की गाणे सुरू, मध्ये सुईलाही जागा नाही. त्याचा मला गर्व होता.

घरी आई रेडिओपुढे बसून ऐके. मी "नमस्कार श्रोतेहो" म्हटले की ती रेडिओला विचारी, "जेवलास का रे?" धाकट्या बहिणीने हे सांगितले तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मानधनाचा पहिला चेक आला तेव्हा माझे बँकेत खातेच नव्हते. त्या चेकासाठी मी खाते उघडले.

मग पत्रे येऊ लागली. १५ पैशांचे पोस्टकार्ड. कोणी गाण्याची फर्माईश करी, कोणी नुसतेच लिही, 'तुमचा आवाज गोड आहे.' वसतिगृहात मी ती पत्रे उशाशी ठेवून झोपत असे. पोराला शिंगे फुटायला आणखी काय लागते?

दीड मिनिटाची शेती

मी शेतकी विद्यार्थी, म्हणून केंद्रावरील अधिकाऱ्यांनी सुचवले, की दर आठवड्याला गाण्यांच्या मध्ये दीड मिनिट शेतीची एखादी वेळेवरची सूचना दे. मजकूर मी लिहायचा, कृषिविद्येचे आमचे सर तपासणार आणि केंद्रावर तो मंजूर होणार, अशी पद्धत ठरली.

१९९१ चा जुलै महिना. पाऊस चांगला होता. आमच्या भागात ज्वारी आणि कापूस ही दोनच मोठी पिके. ज्वारीत रुंद पानांचे तण माजले होते आणि मजूर मिळत नव्हते. त्या आठवड्याचा विषय मी घेतला, ज्वारीतील तणांसाठी २,४-डी हे तणनाशक. कधी मारावे, वारा नसताना कसे मारावे, पाणी किती घ्यावे, हे सारे लिहिले. सरांनी मजकूर वाचला आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली. तिच्याखाली तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या. ती ओळ अशी होती, की या तणनाशकाचा पंप कापसावर फवारणीसाठी मुळीच वापरू नये.

त्या संध्याकाळी माझ्याकडे एक नवी तबकडी आली होती. गाणे साडेचार मिनिटांचे. ते मला पूर्ण वाजवायचे होते, कारण शेवटचा अंतरा फार सुंदर होता आणि वसतिगृहातली पोरे ऐकणार होती. सूचना वाचता वाचता मी घड्याळाकडे पाहिले. पंधरा सेकंद कमी पडत होते. वाक्य संपल्यासारखे करून मी आवाज उतरवला आणि तबकडी सोडली.

सरांची ओळ कागदावरच राहिली. अंतरा मात्र पूर्ण वाजला.

वर्तमानपत्रात गुंडाळलेली फांदी

महिनाभराने सरांनी मला खोलीवर बोलावून घेतले. तिथे खुर्चीच्या कडेला एक पन्नाशीचे शेतकरी बसले होते. पायात चिखलाच्या वहाणा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कापसाची फांदी. टेबलावर ती उलगडून ठेवली होती. शेंड्याकडची पाने कापसाची वाटतच नव्हती. अरुंद, लांबट, बोटांसारखी झालेली, शिरा एकमेकींना चिकटून आलेल्या. जणू भेंडीचे पान.

"पंप कोणता वापरला, काका?" सरांनी विचारले.

"आमच्याकडं एकच पंप हाय. आधी जवारीत तणाचं औषध मारलं. मग धुऊन कपाशीवर माव्याचं मारलं. रेडिओत सांगितलं तसंच केलं, गुरुजी. आमचं काही चुकलं असंल तर सांगा."

सरांनी माझ्याकडे पाहिले. "ती ओळ वाचली होतीस ना?"

वाचकहो, "हो" हा शब्द माझ्या जिभेवर होता. कार्यक्रम थेट गेला होता. मंजूर कागदावर ती ओळ ठळक होती. ऐकणाऱ्याच्याच लक्षात राहिले नसेल, असे म्हटले असते तर कोणीही विश्वास ठेवला असता, आणि ते शेतकरी स्वतःलाच दोष देत परत गेले असते. मी खाली मान घालून म्हणालो, "नाही सर. गाणं पूर्ण वाजावं म्हणून गाळली."

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या काकांनी विचारले, "गाणं कोणतं होतं?" मी सांगितले. ते म्हणाले, "हां. ऐकलं आम्ही. चांगलं होतं." त्यांनी मला शिवी दिली असती तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन एस.टी.ने त्यांच्या गावी गेले. दीड एकरातला कापूस सगळा तसाच झाला होता. काकांच्या घरच्या काकू बांधावर उभ्या होत्या. त्या काकांइतक्या मऊ नव्हत्या. म्हणाल्या, "पोराचं गाणं झालं, पण आमची बोंडं गेली." याला उत्तर नव्हते.

सरांच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्यांनी मिळून बिघडलेले शेंडे खुडले. युरियाचे सौम्य द्रावण फवारायला सांगितले. दोन-तीन आठवड्यांनी नवी पाने सरळ फुटली. झाड मेले नाही, पण फुले-पात्या लागण्याचा काळ हातचा गेला. नेहमी पाच क्विंटल कापूस देणाऱ्या त्या तुकड्यात त्या वर्षी तीन क्विंटलही भरला नाही. माझ्या खात्यात मानधनाचे जे पैसे साठले होते ते मी नेऊन दिले. काका घेईनात. काकूंनी घेतले, आणि योग्य केले.

केंद्रावर मी स्वतः जाऊन सांगितले. पुढच्या आठवड्यात दीड मिनिट मी फक्त दुरुस्ती वाचली, दोनदा वाचली, आणि मागून गाणे लावले नाही. त्यानंतर महिनाभर मला माईकपुढे बसू दिले नाही. तेही योग्यच होते.

असे का झाले

२,४-डी हे वनस्पतीच्या वाढीवर संप्रेरकासारखे काम करते. ज्वारी, मका, गहू, ऊस अशी गवतवर्गीय पिके ते सोसतात. रुंद पानांच्या झाडाची वाढ मात्र वेडीवाकडी होते. म्हणून ते तणावर चालते. पण कापूसही रुंद पानाचाच, आणि तो या औषधाला अतिशय नाजूक. टाकीच्या तळाशी, नळीत किंवा नोझलच्या गाळणीत राहिलेला अंशसुद्धा त्याला पुरतो. नुसत्या पाण्याने विसळून तो जात नाही. शेजारच्या रानात फवारताना वाऱ्याने उडालेले तुषारही नुकसान करतात. टोमॅटो, मिरची, भेंडी, द्राक्ष आणि कडधान्ये यांनाही हाच धोका आहे.

रेडिओच्या शब्दाची पत

काकांनी माझ्यावर विश्वास का ठेवला? मी तर वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. त्यांनी विश्वास ठेवला तो रेडिओवर. आणि ही पत माझ्या आधीच्या माणसांनी कष्टाने मिळवली होती.

१९५६ साली आपल्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक मोठा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे काढली. एका मंडळात वीसेक माणसे. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, मराठीतून अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. मंडळी एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. मूळ कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून अशी मंडळे चालत आणि त्यांचे ब्रीद होते, वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. पुण्याच्या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तो इतका यशस्वी ठरला की १९५९ पासून देशभर अशी मंडळे काढण्याचे ठरले. पुढे १९६० च्या दशकात तमिळनाडूतील तंजावरकडे एडीटी-२७ या भाताच्या नव्या वाणाचा रेडिओवरून एवढा प्रसार झाला, की लोक त्याला 'रेडिओ भात' म्हणू लागले.

महाविद्यालयाचा रेडिओ म्हटले की आज पोरांच्या डोळ्यांपुढे गाणी आणि गप्पा येतात. पण त्याचीही मुळे शेतात आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात अर्ल टेरी नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रेडिओच्या काचेच्या नळ्या प्रयोगशाळेत स्वतः तयार केल्या. त्या नळ्या जळत, ते पुन्हा करीत. ३ जानेवारी १९२१ पासून या केंद्रावरून माणसाच्या आवाजात हवामानाचा अंदाज नेमाने देऊ लागले. शेतकऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला.

आपल्याकडे विद्यापीठांना स्वतःचा रेडिओ मिळायला बराच उशीर लागला. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. २००६ साली सरकारने कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि स्वयंसेवी संस्था यांनाही परवानगी दिली. बारामतीची वसुंधरा वाहिनी, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ही आपल्या महाराष्ट्रातली उदाहरणे. यांचा टापू दहा-पंधरा किलोमीटरचा. म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजाराला जाणारे. तिथे चूक झाली तर शेतकरी फांदी घेऊन दुसऱ्याच दिवशी दारात येईल. मला हे फार चांगले वाटते.

तुम्ही काय करावे

आता सल्ला रेडिओपेक्षा मोबाईलवरून जास्त येतो. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती येतात, मागे गाणे वाजत असते. कोणीतरी कुठेतरी वेळ पुरत नाही म्हणून शेवटची ओळ गाळतो. मी ते केले आहे, म्हणून मला कळते. तेव्हा एवढे करा.

१. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. दोन पंप परवडत नसतील तर दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून तणनाशकासाठी एक घ्या. त्यावर तांबड्या रंगाचा पट्टा ओढा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल.

२. नाइलाजाने एकच पंप वापरावा लागला, तर धुण्याचा सोडा किंवा साबणाचे पाणी भरून काही वेळ ठेवा. ते नळीतून आणि नोझलमधून सोडा, मग स्वच्छ पाण्याने अनेकदा धुवा. तरीही २,४-डी चा पंप कापसाला लावू नका.

३. ऐकलेली मात्रा वहीत लिहा आणि डब्यावरच्या लेबलाशी ताडून पाहा. दोन्हींत फरक दिसला तर थांबा, विचारा.

४. 'काय करावे' कळले की 'काय करू नये' हेही विचारा. सल्ला देणाऱ्याला ते सांगता आले नाही तर त्याचा सल्ला अर्धाच आहे.

५. शंका असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला भेटा किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करा. हा फोन फुकट आहे.

६. घरच्या बाईला विचारल्याशिवाय औषध आणू नका, असे मी मुद्दाम सांगतो. पंप कुठे ठेवला, कशाने धुतला, हे बहुधा तिलाच ठाऊक असते.

जाता जाता

नोकरीला लागल्यावर पाच-सहा वर्षांनी मी त्या गावी गेलो होतो. काका थकले होते, पण ओळखले. काकूंनी चहा केला. पडवीत दोन पंप टांगलेले होते. एकाला तांबडी चिंधी बांधली होती. मी त्याकडे पाहत राहिलो तेव्हा काकू म्हणाल्या, "ते तुझ्या गाण्याचं हाय." आणि पहिल्यांदाच माझ्याशी हसल्या.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक सभेत ती गाळलेली ओळ मी आधी सांगतो. दोनदा सांगतो. तुमच्याही पंपाला आज एक तांबडी चिंधी बांधा.